हनीनेमावशीच्या उराशी

वसंत लागला की आमच्या लेबनॉनच्या डोंगरातल्या बायका रेशमाच्या किड्यांची अंडी पुरचुंडीत घालून उराशी बांधतात. उबेनंच ती फुटतात. पुरचुंडी बांधल्यापासून हनीनेमावशीनं हसणं सोडलं होतं.

"नकला नकोत हं, नजले. मी हसले की अंडी हलतात."

नकलांवाचून मी जगायचं कसं?

मोठी लढाई संपल्यावर कोशांना सोन्याचा भाव आला, तेव्हा मावशीच्या नवऱ्यानं, मतानियोसकाकानं, सोन्याचा दात बसवला होता. पाहुणा दिसला की उगाच जांभई द्यायचा. यंदा, १९३१ साली, भाव पडलाय, तर तो तोंडावर हात धरून बोलतो. कोणी दात विकायला सांगेल म्हणून.

रविवारी चर्चबाहेर कोशांचे व्यापारी शाकेरशेठ भेटले. ते बोलतात नाकातून. "काय सांगू वहिनी, फ्रान्सच्या बाया आता नकली रेशीम घालतात. बंद पडलेल्या रेशीमगिरणीचा भोंगा झाला तर कोश आणा. नाही झाला तर बसा किडे पोसत!"

घरी येताच काका म्हणाला, "उद्या तुती तोडतो. तंबाखू लावू. लोक उपाशी राहतील, पण विडी सोडणार नाहीत."

"आणि ह्यांना काय घालू?" मावशीनं उरावर हात ठेवला.

"पुरचुंडी विहिरीत सोड. गारठतील."

"मरतील!"

"मग जगवून विकायचे कोणाला?"

मावशी विहिरीपर्यंत गेली. तशीच परत आली, पुरचुंडी अजून घट्ट बांधून. मग दिवसभर तिचे कान गिरणीकडे. मला तो भोंगा हुबेहूब काढता येतो. पण त्या दिवशी ओठ मिटून बसले.

सकाळी काका कुऱ्हाड घेऊन निघाला. मावशी तुतीच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं पुरचुंडी सोडली.

"बघा."

केसाएवढे काळे किडे वळवळत होते.

"आजच निघायचं होतं यांना?"

"तुम्हाला विचारून जन्माला यायचं होतं का?"

काकानं कुऱ्हाड खाली टाकली. पुटपुटत फांदी ओढली आणि कोवळी कोवळी पानं खुडू लागला. मावशी खुदकन हसली. किती दिवसांनी!

आता किडे बोटाएवढे झालेत, झाडं निम्मी बोडकी. गिरणीचं धुराडं मात्र थंडच आहे. काल काका हळूच मला म्हणाला, "नजले, तो भोंगा काढ बघू एकदा. बरं वाटेल."

"खबरदार!" मावशी आतून ओरडली. "उद्या खरा झाला तर मी विश्वास कसा ठेवू?"