मामंजींचं रक्त

मामंजींना कुठे खरचटलं, तर ते रक्त पुसत नसत. बोट डोळ्यांसमोर धरून बघत राहत आणि म्हणत, "वाया चाललं."

आधी असं नव्हतं. मी लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा माझे हे सासरे स्टेशन ते दूधनाका टांगा हाकत. सकाळी उठले की आधी चंद्री घोडीच्या कानामागे तळवा ठेवत, मग चहा. सासूबाई म्हणत, "पुढल्या जन्मी घोडीच होते, म्हणजे मला कोणी आधी विचारील!" मामंजी गालात हसत. मी दाराआडून ऐके. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून कधी शब्द फुटला नाही.

एका पावसाळ्यानंतर चंद्रीचा कान तापला. चार दिवसांत निवला. मामंजींनी पेढे वाटले, टांगा जोडला. पुन्हा ताप, पुन्हा उतार, पुन्हा पेढे. घोडी मात्र झडत गेली, पाय सुजले.

गुरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "सर्रा आहे, काका. खाडीकडच्या गोमाशा चावून जंतू सोडतात. घोडीचं अंग त्यांना ओळखून मारतं, तेव्हा ताप उतरतो. पण थोडे वेश बदलून उरतात, आणि अंग फसतं."

"म्हणजे बहुरूपी," मामंजी म्हणाले. "आणि मी पेढे वाटत बसलो."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. सासूबाई घाबरल्या. "आम्हाला लागेल का हो?"

"सहसा नाही. माणसाच्या रक्तातच असं काही असतं, की हा त्यात मरतो."

मामंजींनी लगेच बाही वर केली. "मग माझं काढा. तिला घाला."

"काका, माणसाचं रक्त तिला चालत नाही. त्यानंच जाईल ती."

"थोडंसं घालून बघा ना, डॉक्टर. मला कधी साधं पडसं नाही झालं."

डॉक्टरांनी मामंजींची बाही हलकेच खाली ओढली आणि गेले.

चंद्री जरा सावरली. या वेळी पेढे आले नाहीत. मामंजी कानामागे हात ठेवून विचारत, "आज कोण होऊन आलास रे?" एका सकाळी त्यांनी हात ठेवला तो उचललाच नाही. चंद्री गार पडली होती.

टांगा विकला. तरी रोज सकाळी ते रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन तळवा हवेत धरत, बरोबर तिच्या कानाच्या उंचीवर. मला बघवत नसे.

बऱ्याच वर्षांनी ते इस्पितळात होते. भान येई-जाई. नर्स तपासणीसाठी रक्त काढत होती, त्यांची नजर सुईवर.

"कोणासाठी घेतात?"

घरची मी एकटीच होते. मी पदर सावरला.

"चंद्रीसाठी, मामंजी."

त्यांनी दुसराही हात पुढे केला.