बाटलीच्या गळ्यातला लाल दोरा

आमच्या चाळीत फोन एकच आणि तोही महिनाभर बंद, म्हणून परबकाकांची मुलगी शैला स्वतः कॉलेजवर आली. मी प्रॅक्टिकल संपवून बाहेर पडले तर ती फाटकाशी उभी. "बाबा गेले गं सकाळी," एवढंच म्हणाली. मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. ही मला काही विचारेल का... तिने विचारलं नाही. आता महिना उलटला, आणि तिने न विचारलेलंच मी इथे लिहिते आहे.

मुलुंडला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये परबकाका उंदरांच्या नाकाचे पातळ छेद तयार करायचे. एखादं रसायन हुंगून नाकाच्या आत काय बिघडतं, ते मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी. गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रोजेक्टवर लॅबच्या साहेबांची सही मिळाली नाही तर वर्ष बुडेल, या धाकातच रोज घाटकोपरहून जायचे. काकांनी पहिल्या दिवशी मेलेल्या उंदराचा खालचा जबडा काढला आणि घशाच्या बाजूने सिरिंजने हळूहळू फॉर्मालिन सोडलं, नाकपुड्यांतून थेंब पडेपर्यंत. आत हवा राहिली तर तेवढा भाग सडतो, म्हणाले. मग ते डोकं काही दिवस अ‍ॅसिडमध्ये, हाडं मऊ होईपर्यंत, आणि मग टाळूवरच्या आडव्या वळ्या बघून ठरलेल्या चार जागी काप. मी टाळू न बघताच ब्लेड टेकवायचे. "घाई असेल तर घरी जाऊन भेंडी चीर, बाय," काका म्हणायचे. "हय आधी टाळू बघ."

रोज सकाळी ते एक बाटली माझ्यापुढे धरायचे. "सांग, कसला वास?" फॉर्मालिन आणि अ‍ॅसिड, दोन्ही पाण्यासारखी दिसतात, दोन्ही झोंबतात, पण अ‍ॅसिडचा वास आंबट. मी बरोबर सांगितलं की खूश व्हायचे. "तुझं नाक कंपनीने पगारावर ठेवायला पाहिजे." मला वाटायचं, माझी परीक्षा घेतात.

एकदा चाचणी परीक्षेमुळे मी उशिरा पोचले. दारातच आंबट वास आला. काकांनी सिरिंज भरून उंदराच्या घशाला लावलेली. बाटलीवरचं लेबल भिजून गळून पडलं होतं. "काका, थांबा... हे अ‍ॅसिड आहे." त्यांचा हात तिथेच राहिला. मग त्यांनी सिरिंज खाली ठेवली.

"वास कधीपासून येत नाही?" मी विचारलं.

"गणपतीपासून. मोदकावर तूप घातलं, वासच नाय आला." मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "सायबाक सांगू नको हां. गोडाऊनला टाकतील मला. ही बॅच संपली की जातो डॉक्टरकडे."

मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी घरून जाड लाल दोरा नेला आणि अ‍ॅसिडच्या बाटलीच्या गळ्याला बांधला, बोटांना लागेल असा. "झकास," काका हसले. "आता तुझ्या नाकाची पण गरज नाय." मला फार बरं वाटलं होतं. त्या दोऱ्यामुळे पुन्हा चूक झाली नाही, आणि म्हणूनच कुणाला काही कळलंही नाही.

ती बॅच संपली, दुसरी आली. काकांच्या रुमालावर तांबूस डाग दिसू लागले. "उष्णता गं," ते म्हणाले, आणि मी मानून घेतलं. एका दुपारी त्यांनी मला एक स्लाइड दाखवली. नाकाच्या वरच्या, मागच्या भागात वास ओळखणारं अस्तर असतं, ते त्या उंदराचं ठिकठिकाणी झिजून गेलं होतं. "खात मात्र होता नीट," काका म्हणाले. "बाहेरून कुणाला कळलं काय?" त्यांनी डोळा मायक्रोस्कोपवरून उचलला नाही. मी बोलायला हवं होतं. पण सहीला दोन आठवडे उरले होते, आणि आपलंही नाव यात येईल ही भीती... ती मला काकांसाठीच वाटते आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले.

सही मिळाली. काही महिन्यांनी काकांच्या नाकात खोलवर गाठ निघाली. कामामुळे की कशामुळे, डॉक्टरांना सांगता आलं नाही. आधी आले असते तर, एवढं बोलून ते थांबले, असं शैलाने मला हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलं. तिथेही मी गप्प राहिले.

गेल्या आठवड्यात लॅबची वही परत द्यायला गेले. काकांच्या जागी नवा माणूस आहे, माझ्याच वयाचा. "मॅडम, हा दोरा कसला? बाटलीला नजर लागते काय?" मी हसले नाही. त्याला सगळं सांगितलं, गणपतीपासून रुमालापर्यंत. बोलता बोलता साहेब दारात येऊन उभे राहिलेले दिसले. तरी मी थांबले नाही.

नवा माणूस बाटली नाकाशी नेऊन म्हणाला, "मला येतो वास."

"रोज बघा," मी म्हटलं. "आणि एखाद्या दिवशी नाही आला तर साहेबांना सांगा, घरी सांगा. माझ्यासारखीला सांगू नका."