डाव्या हातानं लिहिलेल्या तीन ओळी

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे अर्ज तेच लिहून द्यायचे. कोल्हापुरात दीड महिना दवाखान्यात होते. तिथल्या वॉर्डात एक वॉर्डबॉय होते, सगळे त्यांना मामा म्हणत, पन्नाशीचे, रोज कबनूरहून एसटीनं येणारे. वडिलांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, दाढी करणं, सगळं तेच करत. दाढी करताना आपल्या भावाच्या यंत्रमागाच्या कटकटी सांगत, मधेच वडिलांचं मत विचारत. मला ते जरा विचित्रच वाटायचं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी मामांना पेढे दिले, घरी येऊन मोबाइलवर आभाराचा मेसेज टाकला आणि विसरून गेलो.

हळूहळू वडिलांना थोडं बोलता येऊ लागलं, तसं त्यांनी वही मागितली. मामांना पत्र लिहायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. ते अडखळत म्हणाले, "आभार माझं हायत. तू कशाला लिवतोस?"

मग रोज सकाळी डाव्या हातानं अक्षरं गिरवणं सुरू झालं. आई वही धरून बसायची. एकदा चिडून त्यांनी पेन फेकलं, दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तीन ओळींना अडीच महिने लागले.

पत्र मीच नेऊन दिलं. मामांनी ते दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्यानंच वाचलं. "तुम्ही माझ्याशी बोलत होता. मला सगळं समजत होतं. फार आभारी आहे."

ते बाकावर बसले. पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "बरं झालेलं माणूस परत हिकडं येत न्हाय. येऊ बी नये. पर आपलं बोलणं पोचतंय का न्हाय, ते कधी कळलंच नव्हतं बघा."

पुढच्या वर्षी वडील गेले. तिसऱ्या दिवशी मामा आले, आईसमोर थोडा वेळ नुसते बसून राहिले आणि शेवटच्या एसटीच्या आधी निघाले.

त्या आठवड्यात मी कागद घेऊन बसलो. कित्येक वर्षांत सहीपलीकडे हातानं काही लिहिलं नव्हतं. बोटं दुखली, दोन कागद फाडले. तिसऱ्यावर एवढंच लिहिलं, "तुम्ही आलात. आईला आधार वाटला. मलाही." आणि ते पोस्टात टाकून आलो.