विहीणबाईंचं धुतलेलं झाड

धुळोबा हे नाव त्याला बायकोनेच दिलं. इतरांचे नवरे घरी येताना भाजी आणायचे, हिचा नवरा पिशवीभर मळकी पानं नि डबीभर माती आणायचा, वर बजावायचा, "हात लावू नकोस, धूळ सांडेल!"

"सांडू दे की. झाडायला मी आहेच," बायको म्हणायची.

नोकरीच तसली. प्रयोगशाळेसाठी तो दर वर्षी ठरलेल्या झाडांची खांद्याच्या उंचीवरची पानं खुडायचा आणि बुंध्याजवळची वरवरची माती खरवडायचा. हवेतली काजळी, शिसं, काय काय खाली बसतं आणि ते वर्षानुवर्षं वाढतं की घटतं, हे त्यावरून कळायचं. पानं धुवायची ती फक्त प्रयोगशाळेत, आणि ते गढूळ पाणी अत्तरासारखं जपायचं. माणसं पगार घेऊन काय काय करतात!

त्यातलं एक झाड कारखान्याजवळच्या एका अंगणात होतं. पानं न्यायला जाता-येता घरची माणसं आवडली आणि धुळोबाने आपली लेक तिथेच दिली. सोयरीक जुळवताना बायकोने मात्र 'झाडांवर संशोधन करतात' एवढंच सांगितलं. धूळ हा शब्द तिने ओठांबाहेर येऊ दिला नाही.

लग्नानंतर त्या झाडाची पानं वर्षागणिक स्वच्छ निघू लागली. कारखानदार खूश. त्याने प्रयोगशाळेला कळवलं, "आमचं धुराडं सुधारलंय, पानंच साक्षीला आहेत. आता ही तपासणी बंद करा." प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सही करायला बसल्या आणि अडल्या. पानं स्वच्छ, पण त्याच झाडाखालची माती पूर्वीपेक्षा घाण! धुळोबाची तर झोपच उडाली. आयुष्य घालवलं त्या पानांमागे, आणि आता तीच खोटं बोलत होती की काय?

त्याने लेकीला फोन करून कळवलं, उद्या येतो. व्याह्यांकडे न सांगता कसं जायचं? पण मॅडम म्हणाल्या, "उद्या कशाला, आत्ताच निघा."

गेला तर विहीणबाई स्टुलावर उभ्या! एका हातात पाण्याचा पाइप, दुसऱ्या हातात फडकं, आणि एकेक पान पुसणं चाललेलं. त्या दचकून वळल्या, तसा पाइपही वळला. धुळोबा नखशिखांत भिजला.

"अगंबाई! तुम्ही तर उद्या येणार होतात ना?"

"विहीणबाई, हे... हे दर वर्षी करता?"

"मग! सुनेचे वडील येणार, पानं घरी नेणार. मळकी देऊ? आमच्यात काही रीत आहे की नाही?"

"अहो, मला मळकीच हवी असतात!"

विहीणबाई स्टुलावरून उतरल्या. "मळकी? संशोधन धुळीचं करता होय? आणि आम्ही चारचौघांत सांगत फिरतो, व्याही औषधं शोधतात म्हणून!"

दारात लेक पदर तोंडाला लावून हसत होती. "मला वाटलं, सासूबाईंना सवयच आहे," ती म्हणाली. "त्या तर कुंपणही पुसतात."

बसमध्ये ओल्या कपड्यांनी बसून धुळोबा विचार करत राहिला. गप्प राहिलं तर कारखानदार सुटतो. बोललं तर लग्नापासूनची त्या झाडाची सगळी वर्षं पाण्यात, ऑफिसात हसं, आणि विहिणीचं नाव चव्हाट्यावर. लेकीला तर तिथेच नांदायचंय.

तरी त्याने सांगितलं. मॅडम आधी हसून हसून लाल झाल्या, मग गंभीर झाल्या. धुतलेली सगळी धूळ मातीत उतरली होती, म्हणजे मातीचंही त्या काळातलं काही खरं नव्हतं. पण धुराडं सुधारल्याचा पुरावा तर गेलाच. तपासणी बंद करायचा अर्ज त्यांनी परत पाठवला.

"एवढंच करा," धुळोबा अजिजीने म्हणाला, "विहीणबाईंचं नाव नको."

मॅडमनी अहवालात लिहिलं, 'घरगुती स्वच्छतेमुळे या झाडाचे आकडे ग्राह्य धरू नयेत.' इतक्या सभ्य भाषेत कुणाच्या सासूची तक्रार कधी झाली नसेल.

पुढच्या वर्षी धुळोबा भीतभीतच गेला. पानांना पुन्हा फडकं लावणार नाही, हा दिलेला शब्द विहीणबाईंनी पाळला होता. पानांवर बोटाने नाव लिहिता यावं इतकी काजळी. पण शेजारीपाजारी काय म्हणतील? बुंध्याला रस्त्याच्या बाजूने एक पाटी ठोकली होती, टपोऱ्या अक्षरांत:

'या झाडावरची धूळ ऑफिसची आहे. आमची नाही.'