कोरडा हात

मला घाण सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नोकरी करतो ती शहराच्या सांडपाणी खात्यात. पण भांडारात. माझ्या टेबलावर येतात ते कोरे हातमोजे, पिशवीतले गमबूट आणि न उघडलेली खोकी. वापरलेली वस्तू परत आली की ती मी मागच्या दाराने घ्यायला लावतो आणि यादीवर लांबूनच खूण करतो. बावीस वर्षं माझं असंच निभावलंय.

माझे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, त्याच खात्यात मॅनहोल तपासनीस आहेत. रस्त्यावरची लोखंडी झाकणं उघडायची, लांब काठीला लावलेला कॅमेरा आत सोडायचा, पाइपाला तडा कुठे गेलाय, मुळं कुठे शिरलीत, गाळ किती साचलाय ते पाहायचं आणि लिहायचं. रोज बारा झाकणं. आता आत उतरावं लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. तरी काठी वर ओढताना कोपरापर्यंत हात बरबटतातच. त्या घाणीचं वर्णन मी करणार नाही, मला लिहितानाच मळमळतं.

दाजींचा एक नियम आहे. पाहिलं तेवढंच लिहायचं. ‘बहुतेक’, ‘साधारण’ हे शब्द त्यांच्या वहीत सापडणार नाहीत. एकदा वरून सांगितलं होतं की एक पाइप ‘ठीक’ म्हणून लिहून टाका, उद्या पाहुणे येणार आहेत. यांनी लिहिलं, ‘एक तृतीयांश गाळ’. बढती गेली ती गेलीच. घरीही तेच. ताईने विचारलं, जेवण कसं झालंय, तर म्हणतील, “आमटीत मीठ कमी. बाकीचं अजून खाल्लं नाही.” ताई कपाळाला हात लावते.

आणि त्यांचा एक जोडीदार होता. सतरा वर्षं एकच. बुटका, जाडा, अखंड बडबड्या. या कामात जोडीची एक पद्धत आहे, कुठल्याही नियमावलीत नसलेली. एकाचा ओला हात, दुसऱ्याचा कोरडा. ओल्या हाताने झाकण, काठी, केबल, गाळ. कोरड्या हाताने वही, पेन, गाडीचं दार, आणि तोंडाजवळ जाईल असं जे काही असेल ते. दिवसभरात अदलाबदल नाही. दाजींच्या नाकावर माशी बसली तर जोडीदार हाकलायचा. दाजींचा चष्मा घसरला तर जोडीदार वर सरकवायचा आणि वर म्हणायचा, “माझ्या बायकोचं इतकं केलं असतं तर घरात मान मिळाला असता.”

वह्या भिजायच्या, पानं चिकटायची. म्हणून खात्याने ठरवलं की तपासनिसांना संगणक द्यायचा. पडला तरी न फुटणारा, भिजला तरी न बिघडणारा. विक्रेत्याने दोन प्रकार आणले. एक दणकट लॅपटॉप, साडेतीन किलोचा, जाड बटणांचा. दुसरा दणकट टॅब, गळ्यात अडकवता येणारा. निवड करायला समिती बसली. अध्यक्ष मोठे साहेब, आणि कागद तयार करणारा मी.

ती चाचणी आठवली की आजही शिसारी येते. गालिचा घातलेली गार खोली. साहेबांनी टॅब टेबलावरून गालिच्यावर टाकला. फुटला नाही. सगळे हसले. लॅपटॉपवर पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली ओतली. चालू राहिला. मग चिखलाची परीक्षा. चिखल कुठून आणला? बाहेरच्या कुंडीतली माती चाळून, पाणी घालून, ट्रेमध्ये कालवलेला. चाळून. विक्रेत्याने पातळ पांढरे हातमोजे घातले, ओलसर बोटाने पडद्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, “मोजे घालूनसुद्धा चालतो, साहेब.” साहेबांनी मान डोलावली. कुणाच्या नखाला डाग लागला नाही. मीही बिस्किट खात बसलो होतो.

मग दोन्ही वस्तू एकेक महिना दाजींच्या जोडीला वापरायला दिल्या आणि अभिप्रायाचा फॉर्म करायचं माझ्याकडे आलं. मी काय केलं? विक्रेत्याच्या माहितीपुस्तिकेतलेच प्रश्न उतरवले. वजन सोयीचं आहे का? उन्हात पडदा दिसतो का? पाण्याने धुता येतो का? एका माणसाला वापरता येतो का? पुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. शेऱ्याला जागा ठेवली नाही, फॉर्म एका पानात बसावा म्हणून.

दाजींनी तो फॉर्म परीक्षेला बसल्यासारखा भरला. लॅपटॉपची बटणं जाड मोज्यांनीही दाबली जात, हे त्यांना आवडलं होतं. पण तो ठेवायला सपाट जागा लागे, नाहीतर कुणालातरी तो दोन्ही हातांवर धरून उभं राहायला लागे. तिथे एका माणसाला ‘नाही’. टॅब महिनाभर जोडीदाराच्याच गळ्यात होता, त्याच्याच कोरड्या बोटांनी चालत होता. मग हा प्रश्न आला तेव्हा दाजींनी काय करावं? सकाळी डेपोच्या नळावर साबणाने हात धुतले, पुसले, टॅब गळ्यात घातला, पहिलं झाकण उघडण्याआधी एकट्याने एक नोंद केली आणि ‘होय’वर खूण केली. विचारलं ते करून पाहिलं, पाहिलं ते लिहिलं.

पंधरा दिवसांत आदेश निघाला. टॅब मंजूर. वापरकर्त्याच्याच अभिप्रायानुसार एक माणूस पुरेसा असल्याने यापुढे तपासणी एकट्याने. दाजींच्या जोडीदाराला तक्रारींच्या फोनवर बसवलं.

तो सामान जमा करायला भांडारात आला. गमबूट, टोपी, दोन टॉवेल. मी यादीवर खुणा करत होतो. तो म्हणाला, “फॉर्म तुम्ही केला होता ना? चांगला होता. सुटसुटीत.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी मान वर केली नाही.

महिनाभराने ताईचा फोन आला. “अरे, हे दिवसभर पाणीच पीत नाहीत. सकाळी बाटली भरून देते, ती संध्याकाळी भरलेली परत येते. लघवीला जळजळ होते. डॉक्टर रागावलेत, मूत्रपिंडावर येईल म्हणाले. मी विचारलं तर म्हणतात, रस्त्यावर हात धुवायला नळ नाही, पाजणार कोण?”

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर तोच फॉर्म सरकवला. “हे बघा. आम्ही नाही ठरवलं. ज्याचं काम आहे त्यानेच लिहिलंय.”

“साहेब, प्रश्नच चुकीचा होता. प्रश्न मी केला होता.”

“मग एक दिवस जाऊन बघा. प्रत्यक्ष पाहणी. एका माणसाला जमत नाही असं दोघांच्या सहीने लिहून आणा. उद्या देतो जोडीदार परत.” एवढं बोलून त्यांनी जंतुनाशकाची बाटली दाबून हात चोळले. मी त्यांच्या हाताला हातही लावला नव्हता.

मला आनंद झाला होता, खरं सांगतो. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. जायचं, बघायचं, ‘नाही’ लिहायचं, सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी नवे गमबूट, नवे मोजे, दोन मास्क लावून दाजींच्या गाडीत बसलो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “लग्नाला निघालास की काय?”

पहिलं झाकण एका खानावळीच्या मागे होतं. ते उघडलं आणि दोन्ही मास्क असून नसल्यासारखे झाले. आत पांढरट तुपकट थर, त्यावर केस, त्यावर काय काय. थर हलत होता. दाजींनी काठी सोडली, फिरवली, वर ओढली. कॅमेऱ्याबरोबर एक लिबलिबीत लांब चिंधी वर आली, ती त्यांनी हाताने सोडवून परत आत टाकली. मी पाठ फिरवली.

आता नोंद. पडद्यावर थेंब उडाले होते आणि टॅब आपोआप भलतीच पानं उघडत होता. जाड मोज्याच्या बोटाला तो दाद देईना. दाजींनी उजवा मोजा काखेत दाबून काढला, शर्टाच्या आतल्या बाजूला बोट पुसलं, नोंद केली, मोजा परत चढवला. एका झाकणाच्या नऊ नोंदी. मधे पुन्हा काठी, पुन्हा मोजा, पुन्हा शर्ट. चौथ्या वेळी मोजा आतूनही ओला झाला होता. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि अंगठ्याशी एक लाल चीर होती. त्या उघड्या चिरेवर तो मोजा चढताना मी पाहिला.

ऊन चढलं. सहाव्या झाकणाशी दाजींचा घसा इतका सुकला होता की आवाज खरखरत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागायला ते लाजत होते, हे मला दिसलं. “बाटली तेवढी उघडून तोंडाला लाव रे. माझे हात असे.”

मी बाटली घेतली, बूच काढलं, दोन पावलं पुढे गेलो. त्यांच्या हनुवटीवर गाळातलं काहीतरी उडालं होतं. लहानसंच. ओठांच्या इतकं जवळ, की बाटली त्याला लागली असती. हा माणूस माझ्या बहिणीचा नवरा. माझ्या आजारपणात यांनी माझी ओकारी हाताने साफ केली होती, नाक न मुरडता. आणि माझा हात पुढे जाईना. मी बाटली गाडीच्या टपावर ठेवली आणि मागे जाऊन ओकलो.

परत आलो तेव्हा दाजी सातव्या झाकणाकडे निघाले होते. मी गाडीत बसलो. काचा वर केल्या. उरलेली झाकणं मी काचेतून बघितली.

संध्याकाळी डेपोच्या नळाशी मी फॉर्म काढला. ‘नाही’वर खूण केली, माझी सही केली आणि कागद त्यांच्यासमोर धरला. तेवढ्यासाठी मात्र माझा हात सरळ पुढे गेला. दाजींनी वाचलं.

“काय नाही जमलं?”

“दाजी, सही करा. तुमचा जोडीदार परत येईल. साहेबांनी शब्द दिलाय.”

“ते कळलं. पण आज बारा झाकणं झाली ना?”

“झाली.”

“कुणी केली?”

मी कागद आणखी पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ते फक्त दमलेले होते.

“मलाही तो हवाय. तुझ्यापेक्षा जास्त हवाय,” ते म्हणाले. “तू एकदा जरी पुढे आला असतास ना, तर आज दोघं लागले असं लिहिलं असतं मी. आनंदाने लिहिलं असतं. पण तू गाडीत होतास.”

मी म्हटलं, एवढं कोण बघायला बसलंय. खोटं लिहायची मला कधी लाज वाटलेली नाही, बावीस वर्षांत किती याद्या न बघता भरल्या. त्यांनी हात धुतले, बाटली घेतली, एका दमात सगळं पाणी संपवलं आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. ‘नाही’वर काट मारली, ‘होय’वर खूण केली आणि खाली सही केली. मग कागद कोरडा राहावा म्हणून दोन बोटांनी कडेला धरून त्यांनी तो माझ्याकडे दिला.