डिझर्व्हिंगचा रकाना

वसतिगृहातल्या मोफत जागेच्या अर्जावर शेवटचा रकाना होता, 'डिझर्व्हिंग?' त्यापुढे हो किंवा नाही लिहायचं. निवड समितीवर मी पहिल्यांदाच बसले होते. आमच्या घरात हा शब्द सारखा कानावर पडतो. माझी भाची महागडे बूट घेऊन येते आणि म्हणते, "मावशी, आय डिझर्व्ह इट!" तिच्याकडे कोणी पुरावा मागत नाही.

समोर एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. आईच्या अंगावर काठपदराची साडी होती, घड्यांच्या रेघाही अजून मोडल्या नव्हत्या. शेजारचे सदस्य माझ्याकडे झुकून कुजबुजले, "साडी बघितलीत? बरं चाललंय यांचं. नाही लिहा."

कुजबुज आईपर्यंत पोचली. मुलीने तिचा पदर घट्ट धरला. माझं पेन रकान्यावरच अडलं.

"शेजारणीची हाय, बाई," आई म्हणाली. "तुमच्यासारख्या मोठ्या माणसांपुढं विटक्या साडीत कसं यायचं?"

गरज दिसावी म्हणून फाटकं नेसून यावं, हे तिला सुचलंच नव्हतं. तिने आमचा मान राखला होता. मी 'हो' लिहिलं, पण तिच्याकडे बघवेना. सकाळी कपाटातल्या सिल्कच्या साड्या बाजूला सारून मीही मुद्दाम जुनी सुती साडी नेसले होते, गरिबांसमोर ती बरी दिसते म्हणून.