लिंक कोण टाइप करतं?

देवासला आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस एवढंसं, पण किस्से म्हणाल तर गोदामभर. धारच्या एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट आम्ही केली, तेव्हापासून तर मी मोजणंच सोडलं.

*

रिपोर्टची लिंक पेशंटच्या मोबाइलवर जायची. लिंकच्या शेवटी नंबर. तो बदलला की लॉगिनशिवाय दुसऱ्याचा रिपोर्ट उघडायचा. आमचे मालक विश्वासकाका, त्यांना मी हे दाखवलं.

"अरे भिया, लिंक कोण टाइप करतं? वरचं 'पुढचा रिपोर्ट'चं बटन हटवून टाक, बस!"

बटन हटवलं. म्हणजे दार उघडंच ठेवून नुसती पाटी काढली.

*

कुक्षीच्या शाखेतल्या बाईंनी नोकरी सोडली. त्यांचा पासवर्ड आम्ही बंद केला. तरी त्या घरबसल्या सगळ्या सोयऱ्यांचे रिपोर्ट वाचत होत्या. पान बुकमार्क केलेलं! यावर काकांनी लाल अक्षरांत सूचना टाकायला लावली, 'कृपया नंबर बदलून लिंक उघडू नये.' ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही कळलं.

*

पीथमपूरच्या शिफ्टच्या बसमध्ये एकाने टाइमपास म्हणून नंबर बदलले. त्याच्याच लाइनवरच्या एका कामगाराचा एचआयव्हीचा रिपोर्ट निघाला. कारखाना येईपर्यंत मोबाइल बसभर फिरला. तो माणूस पुन्हा कामावर आला नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. काका म्हणाले, लॅबची तक्रार नाही ना, मग राहू दे. असा राग आला होता मला त्यांचा!

*

मग एका सकाळी काका स्वतःच माझ्या टेबलाशी आले. काकूंची तपासणी त्याच लॅबमध्ये झाली होती. कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. काकूंना त्यांनी साधी गाठ म्हणून सांगितलं होतं.

"तिच्या मोबाइलमध्ये जुन्या रिपोर्टची लिंक आहे रे. आजच्या आज कुलूप लाव."

लावलं. आता प्रत्येक रिपोर्टला ओटीपी, आणि काकूंचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर. त्या दिवशी काकांनी कितीतरी दिवसांनी कपभर चहा पुरता संपवला.

संध्याकाळी मला काकूंचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा.

"अरे, माझा रिपोर्ट उघडत नाहीये. पूजा झाली की रोज नंबर बदलून बघत होते, नवा आलाय का म्हणून."

काकांना विचारून सांगतो, म्हणालो मी.

"ह्यांना विचारू नकोस हो. साधी गाठ म्हणतात, म्हणू देत. तेवढ्यावर दोन घास तरी खातात."